जावयानं आणलेली बाटली

पत्र:

ताई, सप्रेम नमस्कार.

माझ्या सासूबाई ६४ वर्षांच्या आहेत. बारा वर्षांपासून साखर, आठ वर्षांपासून बीपी. साखरेसाठी मेटफॉर्मिन आणि बीपीसाठी टेलमिसार्टन चालू आहे. सहा महिन्यांपूर्वी क्रिएटिनिन १.६ आलं. डॉक्टर म्हणाले, किडनीला जपा, मीठ कमी करा. तेव्हापासून मी घरात लो सोडियम मीठ आणते.

तीन महिन्यांपूर्वी आमच्या वन्संचे यजमान नोनी ज्यूसच्या चार बाटल्या घेऊन आले. एक बाटली बाराशेची. आधी तीस मिली दोन वेळा होतं, आता 'किडनीसाठी डोस वाढवायचा' म्हणून शंभर मिली दोन वेळा चाललंय. उपाशीपोटीची साखर २१० होती ती १६० वर आली, त्यामुळे सासूबाईंचा पक्का विश्वास बसलाय. आता ते म्हणतात, रात्रीची मेटफॉर्मिन बंद करा, हळूहळू सगळ्या गोळ्या सुटतील. त्यांच्या मोबाइलमध्ये कॅन्सर बरा झाल्याचे व्हिडिओ आहेत. बाटलीवर सरकारी नंबर आहे, ताहिती बेटावरचे लोक हजारो वर्षं हेच पितात, असं ते सांगतात. रोज सकाळी सातला त्यांचा फोन येतो, 'आई, ज्यूस घेतला का?'

माझ्या यजमानांनी त्यांच्या खाली आयडी टाकावा, म्हणजे त्यांच्या विक्रीच्या साखळीत सभासद व्हावं, म्हणूनही मागे लागलेत. जावयाला नाही कसं म्हणायचं, हा सासूबाईंचा प्रश्न. मी बोलले तर सून मध्ये पडली असं होणार. वन्संनी पाटल्या गहाण ठेवून माल उचललाय असं कानावर आलंय. ज्यूस चांगला आहे की वाईट? बंद केला तर त्याच्याऐवजी काय देऊ?

एक सून, नाशिक रोड

उत्तर:

तुम्ही विचारलंत ज्यूसबद्दल, पण पत्र वाचताना माझी नजर अडकली ती मिठावर. एकतीस वर्षं औषधाच्या काउंटरमागे काढल्यावर ही खोड लागते. माणूस खोकल्याचं औषध मागतो आणि आपण त्याच्या पिशवीतल्या दुसऱ्या पाकिटाकडे बघत असतो.

ते मिठाचं पाकीट आत्ता स्वयंपाकघरातून आणा आणि उलटं करून घटक वाचा. बहुतेक लो सोडियम मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून त्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. ज्याची किडनी ठणठणीत आहे आणि बीपी आहे, त्याला याचा फायदा होतो. तुमच्या सासूबाईंचं तसं नाही. जास्तीचं पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकणं हे किडनीचं काम. त्यांची किडनी थोडी थकलेली आहे, आणि टेलमिसार्टन ज्या गटातलं औषध आहे तो गट पोटॅशियम बाहेर टाकण्याचा वेग आणखी कमी करतो. याचा अर्थ टेलमिसार्टन वाईट असा काढू नका आणि ते आपल्या मनानं बंद तर मुळीच करू नका, कारण मधुमेहात तेच औषध किडनी सांभाळतं. फक्त ते चालू असताना पोटॅशियम कुठून कुठून येतंय याचा हिशेब ठेवावा लागतो.

तो हिशेब मांडून बघू. मिठात पंधरा टक्के पोटॅशियम क्लोराइड धरलं, तर पाच ग्रॅम मिठातून, म्हणजे सपाट चमचाभरातून, साधारण ३९० मिलिग्रॅम पोटॅशियम पोटात जातं. आता नोनी. २००० साली अमेरिकेतल्या किडनीरोगाच्या एका नियतकालिकात एका रुग्णाची हकीकत छापून आली होती. किडनी अधू, पोटॅशियम वाढलेलं, आणि गृहस्थ सांगत होते की पथ्य अगदी कडक चाललंय. खोदून विचारल्यावर निघाला नोनीचा रस. डॉक्टरांनी तो तपासला तेव्हा लिटरमागे सुमारे ५६ मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम आढळलं, म्हणजे साधारण २.२ ग्रॅम. संत्र्याच्या किंवा टोमॅटोच्या रसात असतं जवळपास तेवढंच. तीस मिली दोन वेळा घेतला तर ही रक्कम किरकोळ आहे. पण तुमच्याकडे दिवसाला दोनशे मिली जातोय, म्हणजे रसातूनच ४४० मिलिग्रॅम. एका केळ्यात असतं त्याहून थोडं जास्तच. म्हणजे डाळ, भाजी, बटाटा, दूध यांतून येतं ते वेगळंच, आणि त्यावर रोज एक केळं बाटलीतून आणि जवळजवळ एक केळं मिठातून, तेही ज्यांना केळं खाताना विचारून खा म्हणून सांगितलं जातं अशा बाईंना.

वाढलेलं पोटॅशियम बहुतेक वेळा काहीच जाणवू देत नाही, हीच त्यातली मेख. ताप नाही, दुखणं नाही. फार वाढलं तर पाय गळून जातात, हृदयाचे ठोके चुकायला लागतात. तसं काही वाटलं तर ज्यूस की मीठ याची चर्चा घरात करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

तेव्हा आज संध्याकाळपासून दोन्ही थांबवा. मीठ साधं आणि बेताचं. पापड, लोणचं, सांडगे ताटाच्या बाहेर. उद्या सकाळी डॉक्टरांना फोन करून टेलमिसार्टन, लो सोडियम मीठ आणि नोनी ज्यूस ही तीन नावं एका दमात सांगा. ते बहुधा सोडियम-पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासायला सांगतील. सोबत ईजीएफआरचा, म्हणजे किडनी रक्त किती गाळते त्याचा, आकडा मागून घ्या, कारण मेटफॉर्मिनची मात्रा त्यावर ठरते. साखरेची एचबीए१सी आणि यकृताची एसजीपीटी करून घ्यायची का हेही विचारा. एसजीपीटी कशासाठी ते पुढे सांगते.

आता फळाकडे येते. बाटलीचा राग फळावर काढू नये.

माझं आजोळ वेंगुर्ल्याच्या बाजूला. खाडीच्या कडेला एक बारतोंडीचं झाड होतं. तुमच्या बाटलीतली नोनी ती हीच. कुणी आल म्हणतं, कुणी बारतोंडी. फळ बटाट्याएवढं, अंगभर डोळे असलेलं, आणि गंमत अशी की हिरवं फळ आधी दिसतं आणि त्या एकेका डोळ्यातून मग पांढरी फुलं निघतात. एवढी तोंडं आहेत म्हणूनच बारतोंडी म्हणत असावेत. आम्ही पोरं पिवळसर झालेलं कडक फळ काढून खिडकीत ठेवायचो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते पांढुरकं, आरपार दिसेल असं लिबलिबीत व्हायचं, आणि मग आजी ओरडायची, "कोणी आणलंय ते बोकड घरात?" वास खरोखर तसाच. पुढे फार्मसीला शिकताना कळलं की त्या वासाला कारण असणाऱ्या कॅप्रॉइक आणि कॅप्रिलिक आम्लांची नावं लॅटिनमधल्या शेळीच्या शब्दावरून पडलेली आहेत. आजीला लॅटिन येत नव्हतं, पण निदान बरोबर होतं.

आपल्याकडे या झाडाला किंमत होती ती मुळांमुळे. वऱ्हाड, खानदेश, बुंदेलखंड या पट्ट्यात आलीची लागवड व्हायची. तीन-चार वर्षांनी मुळं खणून काढत, त्यातल्या बारीक मुळांना भाव जास्त, आणि त्यांपासून तांबडा रंग निघे. खारवा नावाचं जाडंभरडं लाल कापड त्याच रंगातलं. १८६८ मध्ये जर्मनीत दोन रसायनशास्त्रज्ञांनी अलिझरीन हा लाल रंग प्रयोगशाळेत बनवला, तो स्वस्तात बाजारात आला आणि बघता बघता आलीची शेती बसली. एखाद्या झाडाची खरीखुरी परंपरा अशी मोडीत निघते तेव्हा कुणी सेमिनार घेत नाही.

ताहितीचं तुमच्या जावईबापूंनी सांगितलं ते निम्मं खरं आहे. हे झाड मूळचं आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलियाच्या बाजूचं. पॉलिनेशियातले दर्यावर्दी नवी बेटं वसवायला निघाले तेव्हा होड्यांतून जी झाडं घेऊन गेले त्यांत नारळ, ऊस, अळू, हळद होती आणि नोनीही होती. हवाई आणि ताहितीत तिचा औषधी वापर मुख्यतः बाहेरून. पानं गरम करून सुजेवर बांधायची, फळ ठेचून गळवावर लावायचं. मुळांचा-सालीचा रंग तिथेही काढत. वासामुळे फळ आवडीनं कुणी खात नसे, दुष्काळ पडला की खात. रस काढायची जुनी रीत अशी की पिकलेली फळं भांड्यात झाकून ठेवायची आणि महिना-दोन महिन्यांत त्यांतून आपोआप झिरपणारं तपकिरी पाणी गाळून घ्यायचं. पण साखर, बीपी, किडनी आणि कॅन्सर यांसाठी रोज उठून दोनशे मिली, वर्षानुवर्षं, हे त्या बेटांचं नाही. ते अलीकडचं आहे आणि त्याचा जन्म बऱ्यापैकी नेमका सांगता येतो.

अननसातल्या ब्रोमेलेन नावाच्या द्रव्यावर काम केलेले राल्फ हायनिकी नावाचे एक जीवरसायनशास्त्रज्ञ हवाईत होते. त्यांनी १९८५ मध्ये एका लेखात 'झेरोनिन' नावाचं द्रव्य मांडलं. नोनीत त्याचा कच्चा माल असतो, शरीरात गेल्यावर त्याचं झेरोनिन होतं आणि ते पेशी दुरुस्त करतं, असं त्यांचं म्हणणं. तेव्हापासून आजवर हे झेरोनिन कुणीही वेगळं काढून, त्याची रचना मांडून दाखवलेलं नाही. सेमिनारमधल्या पडद्यावर मात्र ते अजून झळकतं. मी स्वतः एका मंगल कार्यालयात पाहिलंय. मला शेजारणीनं हळदीकुंकू म्हणून नेलं होतं.

१९९६ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या मोरिंडा कंपनीनं ताहितीचा नोनी ज्यूस साखळी पद्धतीनं विकायला काढला. दोनच वर्षांत, १९९८ मध्ये, ॲरिझोना, कॅलिफोर्निया, न्यू जर्सी आणि टेक्सास या चार राज्यांच्या महाधिवक्त्यांनी तिला गाठलं, कारण मधुमेहापासून कॅन्सरपर्यंत सगळ्यावर उपाय म्हणून विक्री चालली होती आणि हातात पुरावा नव्हता. एक लाख डॉलर भरून आणि असे दावे पुन्हा करणार नाही असं मान्य करून प्रकरण मिटलं. जावईबापूंच्या मोबाइलमधल्या व्हिडिओंची जातकुळी ही.

मग संशोधन झालंच नाही का? झालं. कॅन्सरवर हवाई विद्यापीठात सरकारी पैशातून रीतसर चाचणी झाली. आजार पुढे गेलेल्या रुग्णांना नोनी फळाच्या भुकटीच्या कॅप्सूल दिल्या. एकाचीही गाठ आकसली नाही. काही मात्रांवर थकवा थोडा कमी वाटल्याचं रुग्णांनी सांगितलं, तेवढंच. कोलेस्टेरॉल, सांधेदुखी वगैरेंवर छोटे अभ्यास आहेत, पण त्यांतले बरेच या धंद्याशी संबंध असलेल्यांनी केलेले. युरोपीय महासंघानं २००३ मध्ये नोनीच्या रसाला विक्रीची परवानगी दिली, ती फळाचा रस म्हणून. त्याआधी तिथल्या वैज्ञानिक समितीनं कागदपत्रं तपासून सांगितलं होतं की इतर फळांच्या रसापलीकडे याचा काही खास फायदा दिसत नाही. माझंही मत तेच. फळाचा रस आहे, थोडं सी जीवनसत्त्व आहे, धडधाकट माणसानं दोन घोट प्यायले तर बिघडत नाही. बाराशे रुपयांत आवळे किती येतील, तो हिशेब तुम्हीच करा.

यकृताचं राहिलं. ऑस्ट्रियात २००५ च्या सुमारास नोनी पिणाऱ्या काही जणांचं यकृत सुजल्याच्या नोंदी झाल्या. त्यांतल्या २९ वर्षांच्या तरुणाला तर तातडीनं यकृत बदलावं लागलं, त्याला आधीही थोड्याशा पॅरासिटामॉलनं यकृताचा त्रास होऊन गेला होता. या झाडाच्या मुळांत आणि पानांत अँथ्राक्विनोन नावाची द्रव्यं असतात. आलीचा तांबडा रंग त्यांचाच, आणि संशयही आधी त्यांच्यावरच गेला. २००६ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं सगळं तपासून निष्कर्ष काढला की नेहमीच्या प्रमाणात घेतलेल्या रसानं यकृत बिघडण्याची शक्यता कमी आहे. म्हणून मी तुम्हाला घाबरवणार नाही. पण तीन महिने रस रोज चाललाय, आणि आता दिवसाला दोनशे मिली, तर एसजीपीटीची चौकशी करायला हरकत नाही. आणि शेजारीपाजारी कुणी रक्त पातळ करणारी वॉरफॅरिन घेत असेल, तर त्यांच्यापर्यंत ही बाटली जाऊ देऊ नका. नोनीमुळे तिचा परिणाम कमी झाल्याची नोंद आहे.

आता तुमच्या घरातला सगळ्यात अवघड पुरावा. साखर २१० वरून १६० वर आली. हा आकडा खोटा नाही, त्यामुळे 'ज्यूस म्हणजे फसवणूक' असं म्हणून चालणार नाही, सासूबाई लगेच ग्लुकोमीटर पुढे करतील. मी एवढंच विचारते: बाटलीबरोबर एक कागद आला होता ना? माझ्या हातात आजवर असे जेवढे कागद पडले, त्या सगळ्यांवर तेच लिहिलेलं होतं. साखर-मैदा बंद, रात्रीचं जेवण आठच्या आत, सकाळी अर्धा तास चालणं. डॉक्टर बारा वर्षं हेच सांगत आले असतील. त्यांचं ऐकलं नाही, जावयाचं ऐकलं. साखर त्या चालण्यानं उतरू शकते, आणि मेटफॉर्मिन तर चालूच होती. रसानं ती उतरली असेल, तर ज्यूस थांबवून पथ्य, चालणं आणि दोन्ही वेळची गोळी तशीच ठेवल्यावर पुन्हा वर जायला हवी. महिनाभरानं कळेलच. आणि एका सकाळच्या आकड्यावर जाऊ नका, एचबीए१सी तीन महिन्यांचा सरासरी हिशेब देते. रात्रीची मेटफॉर्मिन बंद केली असेल तर आधी डॉक्टरांना सांगा आणि त्यांच्या सांगण्यानं सुरू करा. गोळ्या सुटतात, नाही असं नाही, पण त्या सोडवतो तो डॉक्टर, रिपोर्ट बघून.

बाटलीच्या मागची बाजूही वाचून घ्या. मी भिंग घेऊन वाचते, तुम्हाला बहुधा चष्म्याविना जमेल. 'नोनी' मोठ्या अक्षरात असतं, पण घटकांत पाणी, द्राक्षाचा रस, साखर, संरक्षक किती ते बघा. तो १४ आकडी 'सरकारी नंबर' एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा आहे. म्हणजे हा पदार्थ खाद्य म्हणून विकायचा परवाना आहे. चिंचेच्या चटणीच्या पाकिटावरही तसाच नंबर असतो, म्हणून चिंचेच्या चटणीनं किडनी सुधारत नाही. उलट आरोग्यपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा पदार्थांवर 'औषधी वापरासाठी नाही' असं छापायची सक्ती आहे. ती ओळ सापडली तर बोट ठेवून सासूबाईंना दाखवा. मधुमेह, कॅन्सर यांसारखे आजार बरे करतो अशी जाहिरात करणं १९५४ च्या औषधे आणि जादूटोणा उपचार कायद्यात गुन्हा आहे. पण हा कायदा जावईबापूंच्या तोंडावर फेकू नका. त्यांना तो बहुधा ठाऊकही नसेल, आणि घरचा जावई म्हणजे कंपनी नव्हे.

जावयाचं काय करायचं, हे मला क्रिएटिनिनपेक्षा कठीण वाटतं. एक मात्र पक्कं: हे बोलणं तुमचं नाही, तुमच्या यजमानांचं आहे. आई त्यांची, मेव्हणे त्यांचे. तुम्ही पुढे झालात तर विषय ज्यूसचा राहणार नाही, सुनेचा होईल. त्यांनी मेव्हण्यांना चारचौघांत नाही, एकट्यात गाठावं. आणि खरं तेच सांगावं, कारण ते पुरेसं आहे: "आईचं क्रिएटिनिन वाढलंय, गोळीमुळे पोटॅशियम साठायची भीती आहे, डॉक्टरांनी ज्यूस आणि ते लो सोडियम मीठ दोन्ही बंद ठेवायला सांगितलंय." पण डॉक्टरांना आधी फोन करा. त्यांचं नाव खोटं वापरलं आणि उद्या जावईबापूच सोबत दवाखान्यात गेले, तर पंचाईत होईल. 'मीठसुद्धा बंद केलंय' हे मुद्दाम सांगायला लावतेय. चूक एकट्या ज्यूसची नाही, आमचीही होती, असं त्यातून निघतं आणि समोरच्याची मान खाली जात नाही. सीलबंद बाटल्या परत द्याव्यात, पैसे मागू नयेत. फोडलेली बाटली बेसिनमध्ये. बेसिन नीट धुवा, आजीचा बोकड आठवेल.

आयडी टाकायचा नाही, यात दोन मतं नाहीत. पण नकाराबरोबर त्यांना एक विचारावंसं वाटतं: माल किती पडून आहे? लोकांना या धंद्यात ज्यूस विकून फारसं मिळत नाही, म्हणून माणसं जोडायची धडपड असते, आणि दर महिन्याला पॉइंट भरायला माल स्वतःच उचलावा लागतो. पाटल्या गहाण पडतात त्या अशा. माझ्या नात्यातल्या एका मुलीच्या पलंगाखाली मी अशी खोकी पाहिली आहेत, मुदत संपलेली, दिवाळीला आलेल्या-गेलेल्याला वाटायला काढलेली. ती कुणाला सांगू शकत नव्हती, कारण जिला सांगावं तिलाच तिनं एक बाटली विकलेली होती.

थेट विक्रीसाठी केंद्रानं २०२१ च्या डिसेंबरात नियम केले आहेत. नुसती माणसं जोडण्यावर पैसे देणारी पिरॅमिड योजना त्यात बंद आहे, आणि कंपनीनं मान्य केलेला नाही असा दावा विक्रेत्यानं वस्तूबद्दल करायचा नाही असंही आहे. वन्संच्या घरातला करार काढून बघा: सही केल्यापासून माघार घ्यायची मुदत किती, न विकलेला माल परत घेण्याचं कलम कोणतं. मुदतीत असेल तर लगेच लेखी कळवायचं, पोच घ्यायची. कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. यात तुमच्या यजमानांनी बहिणीच्या बरोबर बसून कागद वाचले, तर त्या बाराशेच्या बाटलीपेक्षा तिला मोठी मदत होईल. पाटल्यांचा विषय मात्र त्यांनी स्वतः काढू नये. ती काढेल तेव्हा ऐकावं.

त्याच्याऐवजी काय देऊ, असं विचारलंत. काही नको. रिकाम्या ग्लासात काहीतरी ओतलंच पाहिजे असं नसतं. गव्हांकुराचा रस, शहाळ्याचं पाणी, दुधी-कारल्याचा रस, उद्या कुणीतरी यातलं काहीतरी सुचवेलच. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं, तेव्हा तेही आता नको. कडू लागणारा दुधीचा रस तर कुणीच पिऊ नये. तहान लागली की पाणी, आणि जेवणात वाटीभर ताक चालेल का ते रिपोर्ट बघून डॉक्टरांना विचारा.

पण सासूबाईंची खरी अडचण मला ज्यूसची वाटत नाही. रोज सकाळी सात वाजता जावयाचा फोन येतो, 'आई, घेतला का?' बारा वर्षांच्या साखरेत हे त्यांना कुणी रोज विचारलं होतं का? तुम्ही गोळ्या भरून ठेवत असाल, पथ्याचं करत असाल, पण ते तुमचं घरातलं काम झालं, त्याचा फोन होत नाही. बाटली गेली की तो फोनही जाणार, ही भीती त्यांना असणार. म्हणून यजमानांना मेव्हण्यांशी बोलताना शेवटी एक विनंती करायला सांगा. फोन बंद करू नका, सातलाच करा, फक्त विचारा, 'आई, गोळी घेतली का? फिरून आलात का?'

आणि रक्त द्यायला जाल तेव्हा ते मिठाचं पाकीट पिशवीत टाका. डॉक्टरांना नाव सांगण्यापेक्षा मागची बाजू दाखवलेली बरी.